पाच बारांचा कर्नल

ओहायो, इंडियाना, केंटकी या भागांत एक पेट्रोलपंप, दोन चर्चं आणि धान्याचं एक उंच कोठार एवढ्या भांडवलावर गाव म्हणवून घेणारी जी ठिकाणं आहेत, त्यांतल्या प्रत्येकात एक कर्नल राहतो. सैन्याशी त्याचा काही संबंध नसतो. बहुधा तो शाळेत भूमिती शिकवून, नाहीतर विमा कंपनीत दावे तपासून निवृत्त झालेला असतो. कर्नलकी त्याला मी बहाल केली आहे, आणि ती करताना मला मुळीच संकोच वाटला नाही. ज्या सॅम्युएल कोल्टचा तो भक्त, त्या कोल्टने तरी कुठलं रण गाजवलं होतं? कनेक्टिकटच्या गव्हर्नरशी दोस्ती होती, त्याने मानाची पदवी दिली, आणि कोल्टने ती आपल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर नावापत्त्यासकट ठोकून घेतली.

कर्नल ओळखायला सोपा. शर्टाच्या खिशात भिंग, अंगठ्याच्या नखात न जाणारी काळी रेघ आणि अंगाला गंधकाचा पुसटसा वास. त्याच्या घरी गेलात तर कॉफी येण्याआधी टेबलावर फ्लॅनेलचं फडकं पसरलं जातं. मग कपाटाचा कप्पा उघडण्याचा आवाज. मग ती येते. वीतभराहून थोडी मोठी, आठ कोनी नळीची, अक्रोडाच्या मुठीची आणि चापाभोवती पितळी कडं असलेली.

"सांग बघू, काय आहे?"

"पिस्तूल," तुम्ही म्हणता.

"रिव्हॉल्व्हर." कर्नल क्षमाशील आवाजात म्हणतो. "कोल्ट. पॉकेट मॉडेल. १८४९."

"म्हणजे १८४९ सालची?"

या प्रश्नासाठीच तो सकाळपासून थांबलेला असतो. "मॉडेल १८४९चं. पण कारखान्यातून या बाहेर पडू लागल्या १८५० साली. आणि ही, हिच्या नंबरावरून, १८५६ची." तुम्ही काहीही विचारलंत तरी त्यात निदान सात वर्षांची चूक सापडेल अशी सोय त्याने करून ठेवलेली असते.

'पॉकेट' म्हणजे खिशातली. नळी ३ ते ६ इंचांची मिळायची, वजन पाऊण किलोच्या आसपास. एवढा ऐवज कुठल्या खिशात मावतो, हे विचारणं पाहुण्याच्या जिवावर येतं, पण मी विचारलं. कर्नलने ती लगेच आपल्या पँटच्या खिशात घालून दाखवली. पँट एका बाजूने घसरली. एका हाताने पट्टा सावरत त्याने सांगितलं, की त्या काळी कोटांना खिसे मोठे असत.

या रिव्हॉल्व्हरवर त्याचा जीव आहे, त्यामागे एक विचारही आहे, आणि तो विचार मला पटतो. संग्राहकांच्या जगात जातिव्यवस्था कडक आहे. सर्वांत वर वॉकर. १८४७ साली टेक्सासच्या कॅप्टन वॉकरच्या सांगण्यावरून घडवलेली, दोन किलोंची, घोडेस्वाराने खोगिराला लटकवायची तोफ. ती ११०० नगच बनली, म्हणून आज एखादी चांगली निघाली तर लिलावात दहा लाख डॉलरच्या वर जाते. आणि तळाशी ही पॉकेट. १८७३पर्यंत सव्वातीन लाखांहून जास्त बनल्या. केपाच्या, म्हणजे तयार काडतुसाच्या आधीच्या, जमान्यात कोल्टची दुसरी कुठलीच रिव्हॉल्व्हर इतकी खपली नाही. त्यामुळे वॉकरवाले हिच्याकडे पाहतसुद्धा नाहीत.

"वॉकर सैनिकाची होती," कर्नल म्हणतो. "सैनिकाला बंदूक सरकार देतं. ही मात्र माणसाने स्वतःच्या पैशाने घेतली. वाण्याने, जुगाऱ्याने, सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला निघालेल्या शेतकऱ्याच्या पोराने, घोडागाडीतून रात्रीचा प्रवास करणाऱ्या विक्रेत्याने. भित्र्या माणसांचा इतिहास कोणी लिहीत नाही. तो या कप्प्यात आहे."

हे बोलताना तो खरोखर मोठा वाटतो. पण लगेच तो विजेरी आणतो.

कारण चकरीवरचं चित्र दाखवायचं राहिलेलं असतं. कोल्टने वॉटरमन ऑर्म्सबी नावाच्या नोटा कोरणाऱ्या कारागिराकडून एक देखावा कोरून घेतला होता आणि तो प्रत्येक पॉकेटच्या चकरीभोवती दाबून उमटवला जाई: घोडागाडीवर दरोडा पडलाय, लुटारू पळताहेत, प्रवासी रिव्हॉल्व्हर झाडतोय. नक्कल करणाऱ्यांना चाप बसावा आणि गिऱ्हाइकाला आपण काय विकत घेतोय ते कळावं, असा दुहेरी हेतू. पावणेदोनशे वर्षांत कर्नलच्या चकरीवरचा हा सगळा प्रसंग लोकांच्या खिशांच्या अस्तराने पुसून नेला आहे. पण कर्नल विजेरी तिरकी धरतो आणि बोटाने दाखवत जातो. "हे घोडे. चार आहेत. हा गाडीवान. हा पडलेला... दिसतोय ना?" मला एक ओरखडा दिसतो. तोही बहुधा किल्लीचा असावा. "दिसतोय," मी म्हणतो. त्या घरात दुसरं उत्तर द्यायची पद्धत नाही.

मी भारतातला आहे हे कळल्यापासून कर्नलने मला या इतिहासात भागीदार करून घेतलं आहे. त्याचं असं झालं. कोल्ट सोळा वर्षांचा असताना त्याला 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून धाडलं, आणि ते जहाज बोस्टनहून निघालं होतं कलकत्त्याला. त्या सफरीत पोराने फिरत्या चकरीच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना चाकूने कोरला. जहाजाचं सुकाणू फिरून जागच्या जागी अडकतं ते पाहून त्याला कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे. दंतकथा हा शब्द मी वापरतो. कर्नल वापरत नाही.

"तुमच्या कलकत्त्याला जातानाच," तो दर वेळी म्हणतो.

मी सांगलीचा. आमच्याकडून कलकत्त्याला जायचं तर आगगाडीत दोन रात्री जातात. पण कर्नलच्या नकाशात हिंदुस्थानला एकच बंदर आहे आणि त्याचा विश्वस्त मी आहे. पुढे त्याला सोऱ्याची गोष्ट सापडली आणि माझी जबाबदारी आणखी वाढली. बंदुकीच्या काळ्या दारूत शंभरातले ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. त्यातला उत्तम सोरा एकोणिसाव्या शतकात बिहारमधून येई. यादवी युद्ध पेटलं तेव्हा लिंकनच्या सरकारसाठी द्यु पाँ या दारू बनवणाऱ्या घराण्यातला लॅमो १८६१ साली लंडनला गेला आणि बाजारात मिळेल तेवढा हिंदुस्थानी सोरा त्याने उचलला. इंग्रजांना मध्येच राग आला, माल अडकला, मग सुटला. या सगळ्याबद्दल कर्नलने एकदा उभं राहून माझा हात हातात घेतला आणि बिहारचे आभार मानले. मी बिहारच्या वतीने ते स्वीकारले. नाही म्हणण्यात वेळ फार गेला असता.

कोल्टचं चरित्र कर्नलच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे, पण जेवणापूर्वी. जहाजावरून परतल्यावर नमुना खऱ्या लोखंडात उतरवायला पैसे हवेत म्हणून हा पोरगा स्वतःला 'डॉक्टर कूल्ट' म्हणवत गावोगाव फिरला आणि तिकीट लावून लोकांना हसवणारा वायू हुंगवू लागला. माणसं व्यासपीठावर येत, वायू ओढत, नाचत, पडत. आणि त्या हसण्यातून जमलेल्या पैशांतून रिव्हॉल्व्हर जन्माला आली. १८३६ साली अमेरिकेत पेटंट, न्यू जर्सीत पॅटर्सनला कारखाना, १८४२ साली दिवाळं. मग मेक्सिकोचं युद्ध आणि वॉकरची ऑर्डर. स्वतःचा कारखानाच उरला नव्हता, म्हणून ती दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घ्यावी लागली. शेवटी हार्टफर्डला निळ्या कांद्याच्या आकाराचा घुमट असलेला प्रचंड कारखाना. दिवाळ्याच्या टप्प्यावर कर्नलचा आवाज घोगरा होतो. त्याचे स्वतःचे शेअर्स २००८ साली बुडाले तेव्हा तो एवढा हळवा झाला नव्हता, असं त्याची बायको सांगते.

या पुराणात राक्षसही आहे. त्याचं नाव रोलिन व्हाइट. आरपार भोक पाडलेली चकरी, म्हणजे मागच्या बाजूने तयार काडतूस सरकवता येईल अशी, हिचं पेटंट त्याने १८५५ साली घेतलं आणि ते स्मिथ अँड वेसन यांच्या हाती दिलं. व्हाइट स्वतः कोल्टच्या कारखान्यात कंत्राटावर काम केलेला माणूस. म्हणजे कर्नलच्या लेखी हा नुसता शोध नाही, घरभेदीपणा आहे. त्या एका कागदापायी १८६९पर्यंत कोल्ट कंपनीला दारू, गोळी आणि केप यांच्यावरच गुजराण करावी लागली. "पण देव आहे," कर्नल म्हणतो. व्हाइटला दर नगामागे २५ सेंट मिळायचे, मात्र पेटंटचे खटले त्यानेच स्वतःच्या खर्चाने लढायचे असा करार होता. पैसा वकिलांकडे गेला. मुदतवाढीसाठी त्याने काँग्रेसकडून विधेयक आणवलं, तर १८७० साली राष्ट्राध्यक्ष ग्रँटने त्यावर नकाराधिकार वापरला. ग्रँटची तसबीर कर्नलच्या दिवाणखान्यात आहे. यादवी युद्ध जिंकल्याबद्दल ती लावली असेल असं पाहुण्यांना वाटतं.

आता खरा सोहळा. शनिवारी सकाळी कर्नल एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधामागे नेम मारायला जातो. १८५६ची बाई घरीच असते. तिला या वयात धावपळ नको. तिच्या जागी उबेर्ती कंपनीची इटालियन प्रतिकृती येते. बरोबर एक लाकडी पेटी, दोन टॉवेल, घडीचं टेबल आणि बायको. बायको कादंबरी आणते. पाच बारांसाठी किती पानं लागतात हे तिला आता ठाऊक आहे.

आधी चकरी रिकामी आहे ना, हे पाहायचं. मग चकरीतल्या प्रत्येक घरामागच्या बोंडीवर नुसती केप चढवून फोडायची, म्हणजे आत राहिलेलं तेल जळून जातं. केप म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी, आत स्फोटकाचा ठिपका. दिवाळीत आपण ज्या टिकल्या पिस्तुलात घालून वाजवायचो, त्यांची ही थोरली बहीण. या टिकलीचा मूळपुरुष एक स्कॉटिश पाद्री होता. अलेक्झांडर फॉर्साइथ. बदकांच्या शिकारीला जाई तेव्हा गारगोटीची ठिणगी पाहूनच बदकं उडून जात, म्हणून वैतागून त्याने आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाची युक्ती काढली आणि १८०७ साली पेटंट घेतलं. हे सगळं कर्नल पहिली केप बोटात धरून सांगतो. तेवढ्यात ती पडते. गवतात केप शोधण्यात वेळ जातो, पण तो हिशेबात धरलेला असतो.

मग घोडा अर्ध्यावर चढवायचा, की चकरी मोकळी फिरते. पितळी डबीच्या तोंडावरच्या नळीने मोजून एकेका घरात दारू ओतायची, ग्रॅमभराहूनही कमी. तिच्यावर शिशाची गोळी ठेवायची. ही गोळी घरापेक्षा केसभर मोठी असते आणि असायलाच हवी. नळीखालची ठासणी खाली दाबली की गोळी आत घुसते आणि तिच्या कडेचं शिसं सोलून बारीक कडं बाहेर पडतं. ते पूर्ण गोल निघालं तर गोळी घट्ट बसली. कर्नल प्रत्येक कडं बोटावर घेऊन बायकोला दाखवतो. ती पान न मिटता "छान" म्हणते.

यापुढे धर्मयुद्ध सुरू होतं. या जुन्या रिव्हॉल्व्हरचा एक जीवघेणा दोष म्हणजे कधी कधी एका घराच्या आगीने शेजारची घरंही पेटतात आणि दोन-तीन गोळ्या एकदम सुटतात, नळीत नसलेल्यासुद्धा. आता आग शिरते कुठून? पुढून, गोळीच्या फटीतून, असं म्हणणारा एक पंथ. हे लोक प्रत्येक गोळीवर चरबी थापतात. मागून, सैल केपांतून, असं म्हणणारा दुसरा. हे केपा चिमटून घट्ट बसवतात आणि चरबीवाल्यांना हसतात. दोन्ही पंथांत बोलचाल असते, पण एकमेकांच्या घरी जेवत नाहीत. कर्नल चरबीवाला, आणि त्यातही तो वनस्पती तुपाच्या उपपंथातला. मेण आणि जनावराची चरबी मिसळणाऱ्यांना तो रानटी समजतो. चरबी लावलेल्या काडतुसांवरून आमच्याकडे १८५७ साली काय झालं, ते मी त्याला सांगितलं. तो गंभीर झाला. "वनस्पती तूप वापरलं असतं तर?" म्हणाला. ईस्ट इंडिया कंपनीला वेळेवर सल्ला देणारं कोणी भेटलं नाही, हेच खरं. उन्हाळ्यात मात्र ते तूप वितळून पँटवर ओघळतं, आणि या विषयावर बायकोचाही एक पंथ आहे.

शेवटी केपा. पाचही बसल्या की कर्नल उभा राहतो. एव्हाना शेजारच्या टेबलावरचा तरुण आपल्या प्लास्टिकच्या मुठीच्या पिस्तुलातून दोन खोकी रिकामी करून सँडविच खात बसलेला असतो. कर्नल घोडा पूर्ण चढवतो; तसा चढवल्याशिवाय नेमही धरता येत नाही, कारण नेमाची खाच कोल्टने घोड्याच्याच ओठावर कोरली आहे. चाप. धडाड. आणि पुढे काहीही नाही. पांढऱ्याशुभ्र धुराचा एवढा लोट उठतो की कागद, बांध, शेतकऱ्याची गाय, सगळं नाहीसं होतं.

"लागली का?" कर्नल विचारतो.

"धूर गेला की सांगते," बायको म्हणते.

दुसऱ्या बारानंतर फुटक्या केपेचा तुकडा घोड्याच्या फटीत पडतो आणि चकरी अडते. म्हणून घोडा चढवताना नळी आकाशाकडे करायची, म्हणजे तुकडा मागे गळून पडतो. सिनेमातले नायक ऐटीत जी नळी वर करतात ती यामुळेच, असा कर्नलचा सिद्धान्त आहे. सिनेमाबद्दलचं त्याचं एवढं एकच चांगलं मत. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' त्याच्याबरोबर पाहण्याचा योग माझ्यावर आला. कथा यादवी युद्धातली, १८६२च्या सुमाराची, आणि नायकाच्या हातात काडतुसं घालता येतील अशी बदललेली कोल्ट. "रोलिन व्हाइट अजून जिवंत होता!" असं ओरडून त्याने चित्रपट थांबवला. बंदुकीच्या दुकानात तो दाढीवाला वेगवेगळ्या रिव्हॉल्व्हरींचे सुटे भाग निवडून एक जुळवतो, त्या प्रसंगाला कर्नल खोलीबाहेर गेला. शेवट मला अजून ठाऊक नाही.

पाच बार झाले की लगेच घरी. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल शोषते आणि एका रात्रीत लोखंड खाते, म्हणून पाचर ठोकून काढायची, नळी वेगळी करायची, सगळं गरम साबणाच्या पाण्यात बुडवायचं. हे पाणी स्वयंपाकघरात असतं. नासक्या अंड्यांचा वास घरभर पसरतो. धुतलेले भाग सुकवायला मंद ओव्हनमध्ये. एका थँक्सगिव्हिंगला टर्कीच्या ट्रेखाली चकरी निघाली होती. पाहुण्यांना वाटलं, ही काहीतरी अमेरिकन प्रथा असेल. पाहुणे आम्हीच होतो.

"घरात चोर आला तर?" मी एकदा विचारलं.

कर्नलने प्रामाणिकपणे हिशेब केला. भरून ठेवायची नाही, हा त्याचा नियम. म्हणजे दारू, गोळ्या, तूप, केपा; वय लक्षात घेता दहा मिनिटं. "फोन करून आला तर जमेल," तो म्हणाला. दारावर चोरघंटा आहे, कुत्राही आहे.

अमेरिकेत बंदुकांच्या बातम्या येतात तेव्हा कर्नल टीव्ही बंद करतो. त्याची ही वस्तू तरी कशासाठी बनली होती, हे त्याला चांगलं माहीत आहे. पत्त्यांच्या डावात, दारूच्या गुत्त्यात, हातभर अंतरावरून. मुठीच्या खालच्या कडेला कोणीतरी खिळ्याने पाडलेल्या तीन खुणा आहेत. बाकी प्रत्येक ओरखड्यावर त्याच्याकडे व्याख्यान आहे, या तिन्हींवर नाही. मी बोट ठेवलं, तर त्याने फडकं त्यांवरून ओढून घेतलं.

कायद्याने त्याची मोठी पंचाईत केली आहे. १९६८च्या संघराज्याच्या कायद्यात १८९८पर्यंत बनलेली शस्त्रं 'पुराणवस्तू' ठरली, आणि केपाच्या प्रतिकृतीही त्यांतच आल्या. राज्याराज्याचे नियम वेगळे, पण संघराज्याच्या लेखी ती बंदूकच नव्हे. त्यामुळे ती टपालाने घरी येते याचा त्याला आनंद आहे. आणि ती टपालाने येऊ शकते, एवढी निरुपद्रवी समजली जाते, याचा अपमानही आहे. आनंद सकाळी होतो, अपमान संध्याकाळी.

पण त्याचं खरं दुःख म्हणजे पाचर. कोल्टची नळी चकरीच्या आसाला एका पोलादी पाचरेने अडकवलेली असते, आणि कारखान्यात प्रत्येक मोठ्या भागावर एकच नंबर ठोकलेला असे. नळी, सांगाडा, चकरी, कडं, पाचर. सगळे नंबर जुळले तर किंमत दुप्पट आणि झोप शांत. कर्नलचे सगळे जुळतात. पाचर सोडून. पाचरेवर कोणा परक्याचा नंबर आहे. सव्वातीन लाखांत आपली पाचर कुठेतरी आहे, या श्रद्धेवर तो दरवर्षी इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी ठासणीच्या बंदुकांच्या राष्ट्रीय मेळाव्याला जातो आणि प्रत्येक टेबलावर भिंग लावून पाचरी वाचतो. लोक रिव्हॉल्व्हरी पाहायला येतात. हा नुसत्या पाचरी पाहून पुढे जातो.

गेल्या वर्षी ती सापडली. नंबर अगदी तोच. केंटकीच्या एका दुसऱ्या कर्नलच्या पॉकेटमध्ये घट्ट बसलेली. त्याचेही बाकीचे नंबर जुळत होते, पाचर सोडून. आपल्या कर्नलने तोंडाला येईल ती किंमत सांगितली. केंटकीवाला हलला नाही. पैसे नकोत, म्हणाला. माझ्या नंबराची पाचर आण आणि तुझी घेऊन जा.

तर आता दोघेही एकाच पाचरेच्या शोधात आहेत. वाटेत अर्ध्यावर एक हॉटेल आहे, तिथे ते महिन्यातून एकदा भेटतात, याद्या पडताळून पाहतात. केंटकीवाला केपा चिमटणाऱ्यांतला निघाला. जेवणाचं बिल दोघं वेगवेगळं भरतात.